साहेबांचा होकार, माझा नकार

ज्या मंत्र्यांबरोबर मी तीन वर्षं काम केलं त्यांना नाही म्हणता येत नसे. ही टीका समजू नये. काही लोकांना घाटातली वळणं सोसत नाहीत, तसं साहेबांना समोरच्या माणसाचं पडलेलं तोंड सोसत नसे. कोणी अर्ज घेऊन आला की ते तो दोन्ही हातांनी घेत, नीट वाचत, गावातल्या दोन माणसांची चौकशी करत आणि म्हणत, "हुईल. काळजी करू नका." माणूस खूश होऊन जायचा. अर्ज मागे माझ्याकडे यायचा.

मी त्या खात्याची सचिव होते. खात्याचं नाव सांगत नाही. दवाखान्यांशी संबंध होता एवढं पुरे. साहेब घाटावरचेच, पण कुठले तेही सांगणार नाही, कारण ते अजून राजकारणात आहेत आणि मला त्यांच्याबद्दल अजून माया आहे. रागही आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे त्यांचा ओढा होता आणि मी मूळची पलूसजवळच्या एका गावची, जैन शेतकऱ्याच्या घरातली. या भागाचा दौरा निघाला की ते मला हमखास बरोबर घेत. "चला मॅडम, तुमच्या म्हायेराला," असं म्हणत. माझं लग्न राहून गेलं ते गेलंच, त्यामुळे सासर असं काही नव्हतं. ज्या बाईला सासर नाही तिचं माहेर ते माहेर की घर, हा विचार मी गाडीत खिडकीबाहेर बघत करायची आणि सोडून द्यायची.

आमचं कामाचं ठरलं ते पहिल्याच आठवड्यात. साहेबांनी मला दालनात बोलावलं, माणसं बाहेर काढली, दार लावायला सांगितलं आणि चहा मागवला.

"मॅडम, सरळ बोलतो. मी लोकांतनं निवडून आलोय. माझ्याच्यानं त्यास्नी न्हाई म्हणवत न्हाई. ते तुमी म्हणायचं."

"म्हणजे तुम्ही जाहीर करायचं आणि मी नाकारायचं?"

"जे बसत न्हाई ते कागदावर थांबवायचं. तुमचा नकार मी कवा बदलणार न्हाई. आन सभेत तुमच्या माथी खापर फोडणार न्हाई. हा शब्द."

मी त्यांना विचारलं की एखादं काम तुम्हाला खरोखरच करायचं असेल तर मला कसं कळणार. ते हसले. "तवा असाच च्या पाजीन की," म्हणाले.

झालं, ठरलं. साहेब सभेत जे जाहीर करतील त्यावर मी आठ दिवस काही लिहायचं नाही. आठ दिवसांत दालनात बोलावलं, दार लागलं, चहा आला, तर ते काम मार्गी लावायचं. बोलावणं आलं नाही तर नवव्या दिवशी मी नियमांना धरून टिपणी लिहायची. बहुतेक वेळा ती नकाराची असायची. फायली आता संगणकावर असतात. माझी टिपणी साहेबांकडे जायची, त्यांचे खाजगी सचिव त्यांना वाचून दाखवायचे, साहेब मान हलवायचे आणि खाजगी सचिव मान्यतेची कळ दाबायचे. कुठेही दोघांचा आवाज चढला नाही. आमच्या आधीच्या मंत्र्यांचं आणि सचिवांचं इतकं वाकडं होतं की एकमेकांशी शिपायामार्फत बोलायचे म्हणे. आमच्याकडे बघून लोक म्हणायचे, जोडी जमली. मला त्याचा अभिमान होता, हे लपवून काय उपयोग.

पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत साहेबांनी एकदा चक्क दहा खाटांचा दवाखाना जाहीर केला होता. वाडीत माणसं किती, तर सभेला आलेली तेवढीच. उतरताना गाडीत मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही हसू लागलो. नवव्या दिवशी मी नकार लिहिला आणि त्याऐवजी आठवड्यातून दोनदा फिरतं पथक जाईल अशी सोय केली. साहेबांना ती आवडली. पुढच्या दौऱ्यात ती त्यांनी आपली म्हणून सांगितली, आणि दवाखाना का नाही असं कोणी विचारलं तेव्हा "निकषात बसंना" एवढंच म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. शब्द पाळला.

पण लोक काय दुधखुळे असतात? नकार कुठून येतो हे त्यांना कळायचंच. दौऱ्यात साहेबांच्या भोवती माणसांचा गराडा असायचा. कोणी हार घालायचं, कोणी लेकरू पाया पडायला पुढे करायचं. मी चार पावलं मागे, हातात अर्जांचा गठ्ठा. लोक मला वाट करून द्यायचे, पण त्या वाट करून देण्यात आदरापेक्षा अंतर जास्त होतं. विश्रामगृहावर आलो की साहेब कार्यकर्त्यांबरोबर व्हरांड्यात पंगत मांडून बसायचे. पिठलं, भाकरी, खर्डा, हसणं-खिदळणं. माझं ताट खोलीत यायचं, झाकून. कार्यकर्त्यांच्या पंगतीत सचिवानं बसायचं नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठानं शिकवलं होतं आणि मी ते इतकं पाळलं की पुढे कोणी बोलावणंही सोडून दिलं. भिंतीपलीकडचे आवाज ऐकत मी जेवायची. वाईट वाटायचं. वाईट वाटतं हे कोणाला सांगायचं, हा त्याहून मोठा प्रश्न होता.

मला गावी एकच माणूस होता, माझा थोरला भाऊ. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा शिकला नाही, कारण घरात एकालाच शिकवणं शक्य होतं आणि वडिलांनी मला निवडलं. हे त्यानं मला एकदाही बोलून दाखवलं नाही. द्राक्षबाग, थोडी हळद, दारात दोन म्हशी. दिवस मावळायच्या आत जेवायचं, बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन यायचं, झोपायचं. त्यानं रानाच्या कडेला, रस्त्यालगत, दहा गुंठे माझ्या वाटणीचे म्हणून मोकळे सोडले होते. "रिटायर झालीस की हितं घर बांध," म्हणायचा. "ऊन लागंल अशी पडवी ठिवू." निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. रात्री झोप येईना की मी त्या पडवीचा आराखडा मनात काढायची. मला दुसरं कुठलंच घर नव्हतं. सरकारी बंगले म्हणजे घर नव्हे. तिथल्या भिंतीवर खिळा ठोकायलासुद्धा बांधकाम खात्याला विचारावं लागतं.

दोन्ही जिल्ह्यांत मिळून एका ग्रामीण रुग्णालयाची मंजुरी आली तेव्हाची ही गोष्ट. एकच रुग्णालय, आणि मागणारी गावं पुष्कळ. अण्णानं मला न विचारता आपल्या वाटणीतली दोन एकर जमीन बक्षीसपत्र करून खात्याच्या नावे लिहून दिली. माझ्या दहा गुंठ्यांच्या अगदी लागून. रुग्णालयाला वडिलांचं नाव द्यावं एवढीच अट. मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"गाव मला हसायचं बघ. म्हणायचं, तुझी भन एवढी मोटी साहेब, आन गावाला तिचा उपेग काय? आता बोलू दे."

मी म्हणाले, "अण्णा, आधी विचारायचंस तरी."

"तुला काय इचारायचं? तू हाईस की तितं."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं की या फायलीला मी हात लावणार नाही, ती दुसऱ्या सचिवांकडे वर्ग करा. नियमच आहे तसा. पण वर्ग करायची म्हणजे कारण लिहायचं, कारण लिहायचं म्हणजे माझ्या भावानं जमीन दिली आहे हे सगळ्या मजल्याला कळणार. मी गप्प बसले. मला वाटलं, बघू पुढचं पुढे.

पुढच्याच महिन्यात साहेबांचा दौरा आमच्या गावात ठेवला गेला. शाळेच्या पटांगणावर मांडव. बायकांनी मला खुर्चीवर बसवून ओवाळलं. माझ्याबरोबर शाळेत असलेली एक बाई माझा हात सोडेना. अण्णा नवा पांढरा शर्ट घालून स्टेजवर शेवटच्या खुर्चीत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढताना बसतात तसा. साहेबांनी बक्षीसपत्राची प्रत त्याच्या हातून घेतली, त्याला मिठी मारली आणि माइकवर म्हणाले, "या गावच्या लेकीच्या साक्षीनं सांगतो. दवाखाना हितंच हुईल."

टाळ्या थांबेनात. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मीही टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसल्यावर साहेब द्राक्षांबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, मग डोळे मिटून घेतले. रुग्णालयाबद्दल अवाक्षर नाही. मी मनाशी म्हटलं, आता आठ दिवस.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. साहेबांचं दालन माझ्या दालनापासून पन्नास पावलांवर. त्या आठवड्यात मी दुसऱ्या कामांसाठी तीनदा त्यांच्याकडे गेले. तिन्ही वेळा दार उघडं होतं, माणसं बसलेली होती. एकदा त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली आणि कुठल्याशा वैदूचा पत्ता सांगितला. "साहेब, आमच्या गावचं काय?" एवढंच तर विचारायचं होतं. जिभेवर आलेलं मी गिळलं. स्वतःच्या गावासाठी मंत्र्याकडे शब्द टाकणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना मी मनातल्या मनात फार खालची जागा दिली होती. मी त्या जागेवर जाऊन बसणार नव्हते. अण्णाचा मध्येच फोन आला. मी म्हणाले, फाईल चालू असताना मला काही बोलता येत नाही. "बरं बरं, तुझं चालू दे," म्हणाला आणि त्यानंच ओशाळून फोन ठेवला.

चहाला बोलावणं आलं नाही. नवव्या दिवशी सकाळी मी टिपणी लिहायला घेतली.

म्हसवडच्या पुढे, माणदेशातल्या एका गावाचा प्रस्ताव त्याच फायलीत होता. कोरडा मुलूख. मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर राहणारी आणि आता थोडीफार शेती करणारी माणसं. तिथून शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना फार लांब. अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून न्यायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. आमच्या गावापासून सांगली हाकेच्या अंतरावर, आणि सांगलीत दवाखान्यांना तोटा नाही. कोणत्याही कसोटीवर तो प्रस्ताव सरस होता. हे मी तेव्हा लिहिलं आणि आजही लिहीन.

पण टिपणी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर त्या मेंढपाळांच्या बायका होत्या असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. माझ्या डोळ्यांसमोर होते ते माझ्याबरोबरीचे अधिकारी, आणि त्यांनी माझ्यामागे म्हटलेलं एक वाक्य: शेवटी बाईंनी दवाखाना आपल्या गावालाच नेला. ते वाक्य कोणी म्हटलेलं नव्हतं. ते कोणी म्हणू नये म्हणून मी आमच्या गावाविरुद्ध गरजेपेक्षा जास्त लिहिलं. 'केवळ विनामूल्य जमीन उपलब्ध आहे या कारणास्तव स्थळनिश्चिती करणे संयुक्तिक ठरणार नाही.' हे वाक्य नसतं तरी चाललं असतं. मी ते घातलं आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत साहेबांची मान्यता आली. एक अक्षर न बदलता.

अण्णाला मी स्वतः फोन करून सांगायला हवं होतं. मी केला नाही. उद्या करू, रविवारी करू, असं करता करता गावाला ते वर्तमानपत्रातून कळलं. गावातल्या कोणीतरी माहितीच्या अधिकारात टिपणीची प्रत काढली आणि ती मोबाइलवर घरोघरी फिरली. एका दुपारी अण्णाचा फोन आला.

"संयुक्तिक म्हंजे काय गं?"

मी सांगितलं. योग्य. रास्त.

"म्हंजे मी जमीन दिली ते रास्त न्हवतं."

"तसं नाही अण्णा. ते कामकाजाचं वाक्य आहे."

"तूच लिवलंयस न्हवं?"

"हो. मीच."

म्हैस ओरडल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "तितल्या बायकांची सोय झाली. चांगलं झालं. पर मला आधी एक फोन करायचा हुतास." आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो दिवाळीला आला नाही, की मला ये म्हणाला नाही. वहिनीचा निरोप यायचा, तोही मोजका. गावातल्या कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, हे मला फोटोंवरून कळू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या विश्रामगृहावर साहेबांचा जनता दरबार होता. दोन्ही जिल्ह्यांतली माणसं आली होती. साहेब टेबलाच्या मध्यभागी, मी उजव्या हाताला. माणूस यायचा, अर्ज द्यायचा, साहेब वाचून "हुईल" म्हणायचे आणि कागद माझ्याकडे सरकवायचे. मी न बघता गठ्ठ्यावर ठेवायची. असे कितीतरी झाले असतील. दुपार कलत आली होती. एक अर्ज आला, साहेबांनी वाचला आणि या वेळी ते "हुईल" म्हणाले नाहीत. मी मान वर केली. समोर अण्णा उभा होता.

सांगलीत ओळखीचे भेटतील म्हणून तो साताऱ्याला आला असणार. तोच पांढरा शर्ट. सकाळपासून रांगेत होता हे नंतर कळलं. साहेबांनी त्याला ओळखलं होतं.

"आवं, तुमी रांगंत कशाला? बसा की."

"नगं साहेब. मागं माणसं हायती."

"काय काम काढलं?"

"अर्जात लिवलंय. दवाखाना हुणार न्हाई, तर जमीन माघारी मिळावी. बाग लावीन म्हंतो."

साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. दुसरं काय करणार, हाताला वळणच तसं पडलं होतं. मी तो घेतला. अक्षर गावच्या ग्रामसेवकाचं किंवा अशाच कोणाचं तरी होतं, खाली सही अण्णाची, तीच वाकडी. विषय, संदर्भ, महोदया. मी म्हणाले, "अण्णा, दिवस मावळायच्या आत जेवून जा. मी खोलीत ताट लावायला सांगते." माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला असणार, कारण आसपासची माणसं वळून बघायला लागली.

"जेवान करून आलोय, मॅडम," अण्णा म्हणाला.

रागानं नाही म्हणाला, टोमणाही नव्हता. त्या टेबलासमोर उभा राहून माणसानं मला जे म्हणायचं असतं ते तो म्हणाला. हात जोडून बाजूला झाला आणि त्याच्या मागची बाई पुढे आली.

त्या संध्याकाळी आम्ही कराडच्या रस्त्याला लागलो. साहेब समोर बघतच म्हणाले, "मॅडम, चुकलं आपलं."

मी विचारलं, "काय?"

"मला तो दवाखाना तुमच्याच गावात करायचा हुता. मनापासनं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलावलं का नाही मला?"

"कसं बोलावणार? तुमचं गाव, तुमच्या भावाची जमीन. मी दार लावून 'हे कराच' म्हणायचं म्हंजे तुमच्यावर उपकार केल्यागत. उद्या माझं एकादं वाकडं काम तुमच्याकडं आलं असतं तर तुमाला ते आटवलं असतं. मी म्हटलं, न बोलावलेलंच बरं. तुमी आपसूक कराल."

"आणि माझा नकार आल्यावर?"

"शब्द दिला हुता न्हवं? तुमचा नकार मी कवा बदललाय?" मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुमच्याच मनात न्हाई. आन वाईट काय झालं म्हणा. माणदेशातली लोकं दुवा देत्यात."

दुवा त्यांना देत होती. भूमिपूजनाला हार त्यांच्या गळ्यात पडले होते आणि त्या भाषणात "लय इचार करून ही जागा निवडली" असं ते म्हणाले होते. मला इतका संताप आला की गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. पण त्यांच्यावर संतापून किती संतापणार? तीन वर्षं मी या माणसाबरोबर एकाच गाडीत बसत होते. त्यांच्या नातवंडांची आजारपणं मला माहीत होती, त्यांना माझा गुडघा. आणि एक सरळ प्रश्न आम्हाला एकमेकांना विचारता आला नाही. मला शब्द टाकावा लागू नये म्हणून मी त्यांच्या बोलावण्याची वाट बघितली आणि मी आपसूक करीन म्हणून त्यांनी माझ्या टिपणीची. मधल्या मध्ये माझा भाऊ रांगेत उभा राहिला.

"फाईल दुसऱ्याकडं द्यायची हुती मॅडम," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "द्यायची होती."

जमीन परत करण्याचा प्रस्ताव मात्र मी स्वतःकडे ठेवला नाही. शेजारच्या खात्याच्या सचिवांकडे वर्ग केला, कारणही लिहिलं: अर्जदार माझे सख्खे बंधू आहेत. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी महिन्याभरात जमीन परत केली. सगळं नियमाप्रमाणे.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. सभेत माझं नाव त्यांनी घेतलं ते त्या एकाच दिवशी. मी साताऱ्यात दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली, तात्पुरती म्हणून. एकदा बसनं म्हसवडला जाऊन पुढे ते रुग्णालय बघून आले. चालू झालं होतं. बाहेर लिंबाखाली एक म्हातारा बसला होता, आत त्याची नात बाळंत झाली होती. मुलगी झाली म्हणाला, दोघी बऱ्या आहेत. मला कोण तुमी असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, अशीच आले होते. माझा आनंद खरा होता. येताना बसमध्ये तो कोणाला सांगायचा हे मला सुचेना.

मागच्या महिन्यात अण्णाचा फोन आला. स्वतःहून. मी इतक्या घाईनं उचलला की हातातला कप कलंडला.

"बागंची लावण धरायची हाय," तो म्हणाला. "तुझं धा गुंठं आड येत्यात. तू तितं घर बांधणार हाईस का न्हाई, ते कळीव."

"अण्णा, मला तर..."

"फोनवर नगं. लिवून धाड."

"अरे, मी आत्ता बोलतेय की तुझ्याशी."

"बोलण्याचं काय खरं न्हाई. तू लिवतीस तेच खरं असतंय, ते मला आता कळलंय. काय हाय ते एकदा लिवून दे, म्हंजे मला पुढचं करता येतंय."

"तुला काय वाटतं पण? मी यावं का?"

"ते मी कसं सांगू? तू लिव. मग मी बघतो."

आयुष्यभर मी कागदावर दुसऱ्यांच्या मागण्यांना उत्तरं लिहिली. स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे ते पत्र मला जमेना. पहिल्या तीन कागदांवर सरकारी टिपणीच उतरली, ती वाचून माझं मलाच हसू आलं आणि मग रडू आलं. चौथ्या कागदावर मी लिहिलं: 'तीर्थरूप अण्णास, साष्टांग नमस्कार. मला तिथं घर बांधायचं आहे. मला दुसरीकडे कुठं जायचं नाही. तू हो म्हणालास तरच येईन.' खाली नाव लिहिलं, हुद्दा लिहायला हात गेला तो आवरला. पोस्टात स्वतः जाऊन टाकलं.

त्याला पंधरा दिवस झाले. साताऱ्याहून आमच्या गावी पत्र दोन-तीन दिवसांत पोचतं. अण्णाचं उत्तर आलेलं नाही.